ऑस्ट्रेलिया : एक तरुण राष्ट्र आणि पहिले महायुद्ध



घर नुकतेच वेगळे मांडलेले, चूल अजून नीट पेटलेली नाही, आणि तेवढ्यात थोरल्या घराकडून लढाईचा सांगावा आला, तर काय करायचे? ऑस्ट्रेलियाचे १९१४ साली असेच झाले. सहा वसाहती एकत्र येऊन १ जानेवारी १९०१ रोजी हे राष्ट्र जन्मास आले. महायुद्ध पेटले तेव्हा त्याचे वय अवघे तेरा वर्षांचे, आणि लोकसंख्या पन्नास लाखांच्या आतच!

४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटनने जर्मनीशी युद्ध पुकारले, आणि ऑस्ट्रेलिया आपोआप युद्धात ओढला गेला. त्याच्या संसदेला कुणी विचारले नाही. खरे सांगायचे तर तशी तक्रारही फारशी कुणी केली नाही. आदल्याच दिवशी तिथल्या सरकारने २० हजार माणसे देऊ केली होती.

२५ एप्रिल १९१५ च्या पहाटे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले. खाली वाळूची चिंचोळी पट्टी, वर उभे कडे, आणि कड्यावर तुर्कांच्या बंदुका. आठ महिने झुंज चालली. डिसेंबरात माघार घ्यावी लागली, तोवर आठ हजारांवर ऑस्ट्रेलियन कामी आले होते. तुर्कांची हानी तर त्याहून कितीतरी मोठी. आणि बरं का, तिथे आपली माणसेही होती. हिंदी डोंगरी तोफखाना त्यांच्या खांद्याला खांदा लावून लढला, आणि हिंदी जवानांनी खेचरांच्या पाठीवरून पाणी नि दारूगोळा वर पोहोचविला.

पुढे फ्रान्सची आघाडी आली. फ्रोमेल येथे १९ जुलै १९१६ रोजी चढाई झाली. एका दिवस-रात्रीत साडेपाच हजार ऑस्ट्रेलियन ठार, जखमी वा कैद झाले.

माणसे कमी पडू लागली, तेव्हा पंतप्रधान ह्यूज यांनी सक्तीच्या लष्करभरतीचा प्रश्न जनतेपुढे ठेवला. ऑक्टोबर १९१६ मध्ये मतदान झाले. सुमारे ७२ हजारांच्या फरकाने जनता ‘नाही’ म्हणाली. डिसेंबर १९१७ मध्ये पुन्हा विचारले. नकार अधिकच ठाम झाला. युद्ध ऐन भरात असताना सरकारने लोकांना विचारावे, लोकांनी नकार द्यावा आणि सरकारने तो मानावा, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र या वादाने गावागावांत, घराघरांत फूट पडली, आणि ती वर्षानुवर्षे बुजली नाही.

एकूण चार लाखांवर लोक स्वखुशीने सैन्यात गेले. त्यांतले सुमारे साठ हजार मेले.

मिळाले काय? १९१९ साली व्हर्सायच्या तहावर ऑस्ट्रेलियाने स्वतंत्र सही केली, राष्ट्रसंघात त्याला स्वतःची जागा मिळाली. पण त्याच परिषदेत सर्व वंश समान मानावेत अशी सूचना जपानने मांडली, तेव्हा तिला कडवा विरोध केला तो ह्यूज यांनीच.

परतलेल्या हजारो सैनिकांना सरकारने जमिनी दिल्या. आता शेतकऱ्याला हे सांगायला नको, की नुसती जमीन म्हणजे शेती नव्हे. तुकडे लहान, भांडवल नाही, कित्येकांना शेतीचा अनुभव नाही, त्यात मालाचे भाव कोसळले. पुष्कळजण कर्जात बुडाले आणि जमीन सोडून गेले. १९२९ च्या सरकारी चौकशीतही हीच कारणे पुढे आली.

त्या भूमीचे जे मूळ रहिवासी, त्यांना आरंभी भरतीत मज्जाव होता. तरीही एक हजाराहून अधिक जण लढून आले. जमीनवाटपात मात्र त्यांतल्या फार थोड्यांच्या वाट्याला काही आले. राज्यघटनेप्रमाणे देशाच्या लोकसंख्येतही त्यांना धरत नसत. ते कलम १९६७ च्या सार्वमताने गेले.

२५ एप्रिलला ऑस्ट्रेलियात आजही पहाटे लोक स्मारकापाशी जमतात. गुरुजींनी हा धडा शिकवताना मुलांना एवढे जरूर विचारावे : रक्त सर्वांनी सांडले, तर मान आणि जमीन सर्वांना का मिळू नये? ज्या देशाने लष्करभरती सक्तीची करावी की नाही हे लोकांना विचारले, त्याला हा दुसरा प्रश्न पडायला मात्र पन्नास वर्षे लागली.