बंगळूरचे पाणी

विजापूरकरांनी 1638 साली जिंकून शहाजीराजांना जहागीर दिलेल्या बंगळूरला मोठी नदी नाही. सुमारे 900 मीटर उंचीच्या या पठारावर जुन्या लोकांनी ओढे अडवून तळ्यांच्या माळा रचल्या. वरचे तळे भरले की पाणी खालच्या तळ्यात उतरे. 1876 ते 1878 च्या दुष्काळाने या व्यवस्थेची मर्यादा दाखविली. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकीर्दीत अर्कावतीवरील हेसरघट्टा येथील पाणी शहरात आले. तेही अपुरे पडले. 1933 साली तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय झाला आणि 1974 पासून सुमारे शंभर किलोमीटरवरून कावेरी उपसून आणली जाऊ लागली.

दूरचे पाणी घरात आले आणि दारचे तळे अडगळ ठरले, ही या इतिहासातील खरी दुर्दैवाची गोष्ट. धर्मांबुधी तळ्यावर बसस्थानक उभे राहिले, संपंगी तळ्याच्या जागी क्रीडांगण! 2009 साली कायद्याने पर्जन्यजल साठविणे सक्तीचे झाले. परंतु छपरावरचे पाणी जिरविण्याचा आग्रह धरणाऱ्या शासनाला तळ्याकडे जाणारे ओढे मोकळे ठेवता आले नाहीत. 2024 च्या उन्हाळ्यात हजारो विंधनविहिरी आटल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात नव्या योजनेचे पाणी आले, तेही कावेरीचेच.