प्रवरपूर ते त्रिपुरी

जबलपूरहून भेडाघाटाच्या वाटेने पश्चिमेस निघाले की सुमारे बारा-तेरा किलोमीटरांवर तेवर नावाचे गाव लागते. त्रिपुरसुंदरीच्या दर्शनास येणारे भाविक सोडले, तर संगमरवरी कड्यांच्या ओढीने निघालेला प्रवासी येथे सहसा उतरत नाही. हे तेवर म्हणजे प्राचीन त्रिपुरी, डाहल देशावर राज्य करणाऱ्या कलचुरींची राजधानी. अकराव्या शतकात येथील राजा कर्ण याचा दरारा मोठा होता. वाराणसी त्याच्या ताब्यात होती, बंगालच्या पालांशी त्याचे युद्ध झाले होते आणि माळव्याच्या भोजाविरुद्ध त्याने गुजरातच्या भीमाशी हातमिळवणी केली होती. याच कर्णाच्या राजसभेत हिमालयातील एका राजधानीच्या परिसरात वाढलेला कवी येऊन गेला. ती राजधानी म्हणजे प्रवरपूर, आजचे श्रीनगर. आणि तो कवी म्हणजे बिल्हण.

त्याच्या आधी एका पिढीपूर्वी या दोन्ही नगरांची नोंद एकाच ग्रंथात झाली होती. इ. स. १०३०च्या सुमारास अल्बेरूनीने भारतविषयक ग्रंथ पूर्ण केला. त्यात डाहल देश, त्याची राजधानी ‘तियौरी’ आणि तेथे त्या वेळी राज्य करणारा गांगेय, म्हणजे कर्णाचा पिता, यांचा उल्लेख आहे. काश्मीरच्या राजधानीविषयी तो अधिक सविस्तर लिहितो. नगर नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेले असून पूल आणि नावा यांनी ते काठ जोडलेले आहेत, असे तो सांगतो. काश्मिरी लोक आपल्या खिंडींवर कडक पहारा ठेवतात. पूर्वी एखाद-दुसऱ्या परकीयास, विशेषतः ज्यूंना, प्रवेश मिळे, आता मात्र ओळखीचा नसेल तर हिंदूलाही मिळत नाही, अशी त्याची नोंद आहे. गझनीच्या महमुदाने काश्मीरच्या वाटेवरील लोहरकोटावर दोनदा केलेल्या व फसलेल्या स्वाऱ्या ध्यानात घेतल्या म्हणजे या दक्षतेचे नवल वाटत नाही. बाहेरच्यास हिमालयातील ही राजधानी पाहणे दुर्घट झाले होते. तिचे दर्शन घडायचे ते तेथून बाहेर पडलेल्या माणसाच्या तोंडून.

बिल्हण हा असा माणूस. ‘विक्रमांकदेवचरित’ या त्याच्या महाकाव्याचा अठरावा सर्ग म्हणजे आश्रयदात्याचे चरित्र संपवून कवीने आपल्या घराकडे वळवलेली दृष्टी होय. त्यात वितस्ता आहे, सिंधू नदीशी होणारा तिचा संगम आहे, हिवाळ्यात नदीवर थाटलेली स्नानगृहे आहेत. तेथील घराघरांत स्त्रियाही संस्कृत आणि प्राकृत मातृभाषेसारखी बोलतात, असे तो अभिमानाने सांगतो. जन्मभूमीच्या स्तुतीत अतिशयोक्ती असायचीच. पण केवळ संकेत पाळणारा कवी नगरवर्णनात कमळे आणि प्रासाद भरून मोकळा होतो; थंडीच्या दिवसांतली नदीवरची स्नानगृहे त्याला सुचत नाहीत. प्रवरपुराजवळचे आपले खोनमुख गाव तर तो विशेष ममतेने उभे करतो. त्याच्या एका अंगास केशर पिकते, दुसऱ्या अंगास द्राक्षे. पिता ज्येष्ठकलश व्याकरणाचा गाढा अभ्यासक, माता नागदेवी, इष्टराम आणि आनंद हे दोघे भाऊ, सर्वांची नावे तेथे आहेत. संस्कृत कवी स्वतःविषयी किती कमी बोलतात, हे ठाऊक असलेल्या वाचकाला हा सर्ग अपवादात्मक वाटल्यावाचून राहत नाही.

काश्मीरच्या राजा कलशाच्या कारकिर्दीत, १०६५च्या आसपास, तो घराबाहेर पडला. मथुरा, वृंदावन, कान्यकुब्ज, प्रयाग, वाराणसी असा त्याचा मार्ग होता. पुढे डाहलाधिपती कर्णाने त्याचा आदर केला आणि कर्णाच्या सभेत बिल्हणाने गंगाधर नावाच्या कवीस जिंकले. कर्णाचे राज्य १०७३च्या सुमारास संपले, तेव्हा ही भेट त्यापूर्वीची. नंतर तो गुजरातेत गेला, तेथील लोकांवर रुष्ट झाला, सोमनाथाचे दर्शन घेऊन दक्षिणेत सेतुबंधापर्यंत पोहोचला आणि अखेर कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याकडे स्थिरावला. हे कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मराठी आणि कन्नड यांच्या सीमेवरचे.

इतके दिवस पाहुणचार घेतलेल्या कर्णाच्या वाट्यास बिल्हणाच्या काव्यात काय आले? कालंजराच्या अधिपतीला काळ ठरलेला वीर, एवढी प्रशस्ती आणि वादसभेतला जय. त्याच्या नगराची वाट, बाजार, नर्मदा, यांपैकी काही नाही. उलट, त्याच काव्याच्या पहिल्या सर्गात विक्रमादित्याचा पिता आहवमल्ल याने डाहलाच्या कर्णाचे वैभव नष्ट केल्याचे वर्णन येते. ज्याच्या हातून सन्मान घेतला त्याचा पराभव नव्या धन्यापुढे गाण्याची पाळी कवीवर आली. याला कृतघ्नता म्हणणे सोपे आहे. पण राजाश्रयावर जगणाऱ्या प्रवासी विद्वानाला गाव बदलले की शत्रू-मित्रही बदलावे लागत. बदलले नाही ते एक प्रवरपूर. कल्याणीत त्याला विद्यापती हे पद मिळाले; राजापुढे छत्र धरवून तो हत्तीवरून फिरे, असे कल्हण ‘राजतरंगिणी’त लिहितो. मात्र काश्मीरच्या गादीवर काव्यप्रेमी हर्ष आल्याचे कानी पडले, तेव्हा हे सारे वैभव त्याला फसवे वाटले, असेही कल्हणच सांगतो.

काव्याची पोथी १८७४ मध्ये जैसलमेरच्या जैन भांडारात गेओर्ग ब्यूलर यांना सापडली आणि पुढील वर्षी मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत छापली गेली. १८७५ मध्येच ब्यूलर काश्मीरला गेले, खोनमुखाचे आजचे खुनमोह त्यांनी पाहिले आणि कवीचे वर्णन भूमीशी जुळते असा निर्वाळा दिला. आठशे वर्षांपूर्वीच्या काव्याच्या आधारे हिमालयातले गाव ओळखता आले.

त्रिपुरीला असा पुत्र लाभला नाही. राजशेखराचे ‘विद्धशालभंजिका’ हे नाटक दहाव्या शतकात येथील युवराजदेवाच्या सभेत झाले. राजशेखराचे घराणे मुळात महाराष्ट्राशी संबंध सांगणारे. पण नाटकाचे कथानक अंतःपुरातले. नगर त्यात डोकावत नाही. त्रिपुरीची हकीकत दगड, नाणी आणि ताम्रपट यांतूनच जुळवावी लागली आणि त्यातले दगडही पुढे आसपासच्या बांधकामांसाठी वाहून नेले गेले. योगायोग असा, की या कामात मराठी विद्वानांचा वाटा मोठा आहे. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी सागर विद्यापीठातर्फे १९५२च्या सुमारास तेवरला उत्खनन केले. तेव्हा कलचुरींच्या कित्येक शतके आधी, सातवाहनांच्याही पूर्वीपासून येथे वस्ती होती हे स्पष्ट झाले. नागपूरचे वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरींचे कोरीव लेख संपादून १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. कर्णाचा काळ, राणी आवल्लदेवी हूण कुळातली असणे, काशीतील कर्णमेरू हे देवालय, हे सारे या लेखांमुळे आपल्याला ठाऊक आहे.

नगरजीवनाच्या जवळ जाणारा लेख भेडाघाटचा आहे. कर्णाचा नातू गयाकर्ण याची विधवा राणी अल्हणदेवी हिने पुत्र नरसिंहदेवाच्या राज्यात शिवमंदिर बांधले. कलचुरी संवत ९०७, म्हणजे इ. स. ११५५, हे वर्ष लेखात दिले आहे. मंदिरासोबत मठ, व्याख्यानशाला आणि उद्याने यांची व्यवस्था केल्याचे व त्यांच्या खर्चासाठी गावे लावून दिल्याचे त्यात नमूद आहे. बिल्हणाने जे सांगितले नाही, त्यातले थोडे हा लेख सांगतो. एकोणिसाव्या शतकात फिट्झ-एडवर्ड हॉल यांनी तो प्रथम प्रसिद्ध केला आणि शिळा अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या संग्रहात, न्यू हेवनला, पोहोचली.