कुत्र्यांतील बाह्यकर्णशोथ व प्रतिजैविकरोध

बाह्यकर्णशोथ : कुत्र्याच्या कर्णनलिकेचा दाह. कान खाजवणे, डोके झटकणे, दुर्गंधी, लाली व कान वाहणे ही त्याची लक्षणे होत.

कारणे : कुत्र्याची कर्णनलिका आधी खाली उतरते व मग आत वळते, त्यामुळे ओल व मळ आत साचतो. कॉकर स्पॅनियलसारख्या लोंबत्या कानांच्या जातींत हा विकार अधिक आढळतो. मूळ कारण बहुधा अ‍ॅलर्जी असते. कानातील माइट, गवताचे कुसळ किंवा थायरॉइडची कमतरता ही इतर कारणे. मॅलॅसेझिया हे यीस्ट तसेच स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस व स्यूडोमोनस एरुजिनोसा हे जीवाणू सुजलेल्या कानात मागाहून माजतात.

प्रतिजैविकरोध : जंतू मारले, पण अ‍ॅलर्जी तशीच राहिली, तर कान पुन्हा वाहू लागतो. औषधांच्या अशा फेऱ्यांत औषधाला दाद न देणारे, म्हणजे रोधक, जंतू तगून राहतात. स्टॅफिलोकॉकसमधील मेकए जनुकामुळे पेशीभित्ती बांधणारे प्रथिन बदलते आणि पेनिसिलीन व सेफॅलोस्पोरीन गटांतील बहुतेक औषधे निष्प्रभ ठरतात. स्यूडोमोनसचे बाह्य आवरण मुळातच औषधांना सहज आत शिरू देत नाही. आत शिरलेले औषध तो बाहेर फेकतो आणि चिकट जैवपटलाच्या आड सुरक्षित राहतो.

निदान : स्रावाचा नमुना काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की यीस्ट, गोलाणू वा दंडाणू ओळखता येतात. दंडाणू (उदा. स्यूडोमोनस) दिसल्यास किंवा उपचार फसल्यास जंतुसंवर्धन करून कोणते औषध लागू पडेल ते तपासतात. मात्र प्रयोगशाळेचा ‘रोधक’ हा शेरा रक्तातील औषधमात्रेवर बेतलेला असतो. कानात थेट घातलेल्या औषधाची तीव्रता त्याहून कितीतरी जास्त असल्याने ते तरीही लागू पडू शकते.

उपचार : कान स्वच्छ करणे ही पहिली पायरी. ट्रिस-ईडीटीए द्रावण जीवाणूच्या आवरणातील कॅल्शियम व मॅग्नेशियम खेचून ते सच्छिद्र करते, त्यामुळे प्रतिजैविक आत शिरते. सूज उतरवण्यास स्टेरॉइड वापरतात. कर्णपटल फाटलेले असल्यास जेंटामायसिनसारखी औषधे श्रवणशक्तीस अपाय करू शकतात, म्हणून थेंब घालण्यापूर्वी तपासणी आवश्यक ठरते. उरलेले जुने थेंब परस्पर वापरू नयेत. कान वरवर बरा दिसला, तरी नमुन्यात जंतू नाहीसे होईपर्यंत उपचार चालू ठेवतात आणि अ‍ॅलर्जीचा बंदोबस्त त्यानंतरही करावा लागतो. नलिका कायमची जाड होऊन बुजल्यास शस्त्रक्रियेने ती संपूर्ण काढतात. वेदना थांबतात, परंतु त्या कानाने ऐकू येणे बरेच कमी होते.