देवगिरीतला स्वरांचा हिशेब

१, २, ३, ५, ८, १३, २१... आधीच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या. ही क्रमिका आपण फिबोनाचीच्या नावाने शिकवतो. इटलीतील पिसा गावच्या या गणितज्ञाने १२०२ सालच्या ग्रंथात ती सशांच्या जोड्यांच्या कोड्यातून मांडली. कोड्यातले ससे कधी मरत नाहीत आणि दरमहा नेमकी एकच जोडी जन्माला घालतात. म्हणजे ते गणिताच्या सोयीचे ससे! भारतात मात्र याच संख्या त्याआधी एका खऱ्या गरजेतून निघाल्या होत्या.

ती गरज छंदशास्त्राची. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग चार मात्रांची जागा किती प्रकारांनी भरता येईल? शेवटचे अक्षर लघू असेल तर त्याआधी तीन मात्रा उरतात, गुरू असेल तर दोन. म्हणून तीन मात्रांचे ३ प्रकार आणि दोन मात्रांचे २ मिळून ५. सहाव्या ते आठव्या शतकांदरम्यान होऊन गेलेल्या विरहांकाने हा नियम सांगितला आणि बाराव्या शतकाच्या मध्यास गुजरातेत हेमचंद्राने तो पुन्हा मांडला. याची पुढची पायरी संगीतात पडली, आणि तीही आपल्या देवगिरीत.

हिशेबनीस शार्ङ्गदेव

यादव राजा सिंघण याच्या कारकिर्दीत (सुमारे १२१० ते १२४७) देवगिरीला शार्ङ्गदेव नावाचा विद्वान होता. घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा दक्षिणेत आले. शार्ङ्गदेव श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या हिशेबदप्तराचा प्रमुख होता. पुढे हेमाद्रिपंडिताकडे आले ते हेच पद. याच सिंघणाच्या पदरी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ज्योतिषी होता. दरबारात गणिताला मान होता हे यावरून दिसते.

शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथाचे सात अध्याय आहेत. त्यांतला पाचवा तालाचा. तालाचे घटक चार: द्रुत, त्याच्या दुप्पट लघू, चौपट गुरू आणि सहापट प्लुत. छंदात मोजमाप लघूपासून सुरू होते, येथे द्रुतापासून. आता विशिष्ट लांबीचे ताल किती होतील? युक्ती तीच. शेवटचा घटक कोणता, ते पाहायचे. तो द्रुत असेल तर मागे एक द्रुत कमी लांबी उरते, लघू असेल तर दोन, गुरू असेल तर चार आणि प्लुत असेल तर सहा. म्हणून दोनऐवजी चार संख्यांची बेरीज करायची: लगतची मागची, दुसरी, चौथी आणि सहावी. (घटकाच्या मागे काहीच उरत नसेल तेथे १ धरायचा.) क्रमिका अशी होते:

१, २, ३, ६, १०, १९, ३३, ६०, १०६, १९१...

सहावी संख्या पडताळून पाहा: १० + ६ + २ + १ = १९. यातला शेवटचा १ म्हणजे एकटा प्लुत.

खंडमेरू

पहिल्या अध्यायात हाच हिशेब स्वरांचा आहे. सात स्वर, प्रत्येक एकदाच घेऊन, ५०४० प्रकारांनी मांडता येतात. पण शार्ङ्गदेव एवढ्यावर थांबत नाही. या मांडण्या ओळीने कशा लिहायच्या, याचा नियम तो देतो. तीन स्वरांची यादी अशी: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. मग दोन प्रश्न येतात. अमुक मांडणी यादीत कितवी? हे ‘उद्दिष्ट’. अमुक क्रमांकाची मांडणी कोणती? हे ‘नष्ट’. दोन्हींची उत्तरे यादी न लिहिता मिळावीत म्हणून त्याने ‘खंडमेरू’ नावाचे कोष्टक दिले. त्याचे पहिले तीन स्तंभ असे: पहिल्यात १, दुसऱ्यात ०, १, तिसऱ्यात ०, २, ४.

समजा, ‘गसारे’ कितवी ते हवे. शेवटचा स्वर रे. मूळ ‘सारेग’मध्ये तो शेवटून दुसरा, म्हणून तिसऱ्या स्तंभातला दुसरा अंक घ्या: २. रे काढून टाका. उरले ‘गसा’, त्यात शेवटी सा. मूळ क्रमातल्या ‘साग’मध्ये सा शेवटून दुसरा, म्हणून दुसऱ्या स्तंभातला दुसरा अंक: १. उरलेल्या ग साठी पहिल्या स्तंभातला १. बेरीज ४, आणि यादीत ‘गसारे’ चौथीच आहे. सात स्वरांच्या कोष्टकात स्तंभांचे तळचे अंक १, १, ४, १८, ९६, ६००, ४३२० येतात. त्यांची बेरीज मुलांना करू द्या. ती ५०४० येते, कारण तळचे अंक यादीतल्या शेवटच्या मांडणीचा क्रमांक देतात.

मोजणे आणि निवडणे

या गणिताने संगीत तयार होते का? एका मांडणीला चार सेकंद धरले, तर ५०४० म्हणायला साडेपाच तासांहून अधिक वेळ लागेल, आणि ऐकणारा अर्ध्या तासात उठून जाईल. शार्ङ्गदेवालाही हे ठाऊक असावे. केवळ दहा द्रुतांच्या लांबीचेच १९१ आकृतिबंध होतात. त्याने तालाध्यायात सर्व लांबींचे मिळून देशी ताल दिले आहेत १२०. बाकीचे अशक्य नव्हते, फक्त कोणी ते निवडले नव्हते.

सुमारे सातशे वर्षांनी हाच प्रश्न संगणकापुढे आला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात हिलर आणि आयझॅकसन यांनी संगणकाकडून चार तंतुवाद्यांसाठी ‘इलियाक सूट’ ही रचना करवून घेतली (१९५७). यंत्र यादृच्छिक संख्यांतून स्वर काढी आणि रचनेच्या नियमांत न बसणारे टाकून देई. काढणे सोपे होते. खरे काम टाकण्याचे होते, आणि काय टाकायचे ते माणसांनी सांगितले होते.

आपल्याकडे खंडमेरू रियाजात टिकला. मुंबईच्या भेंडीबाजार घराण्यातील अमान अली खाँ (निधन १९५३) आणि इंदूरचे उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांची गायकी त्यासाठी ओळखली जाते. अमीर खाँ यांचा संथ आलाप ऐकताना कोष्टक आठवत नाही. पण ज्याने सर्व वाटा एकदा पायांखाली घातल्या आहेत, त्यालाच कोणती टाळायची ते कळते. क्रमिकेचा संगीताला उपयोग एवढाच आहे, आणि तो थोडा नाही.

वर्गात ताल क्रमिकेची चौथी संख्या टाळ्यांनी पडताळता येईल. सहाही प्रकार मुलांकडून वाजवून घ्या. मग विचारा, सर्वांत चांगला कोणता वाटला आणि का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांचे एकच येईल. दुसऱ्याचे येणार नाही.