दिव्याखालचे पीक

पौड सोडून ताम्हिणीच्या वाटेला लागलं की मुळशीचं पाणी सोबतीला येतं. सुट्टीत आलेली मंडळी थांबून फोटो काढतात, कणसं खातात आणि पुढे जातात. पण हे पाणी तिथं अडवलं गेलं ते ना प्यायला, ना भातखाचरांना. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमावर टाटांच्या कंपनीने धरण बांधलं ते मुंबईच्या विजेसाठी. पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला काढलं, सुमारे 500 मीटर खाली कोकणात भिरा येथे सोडलं आणि 1927 साली तिथलं वीजघर सुरू झालं. वीज गिरण्यांना गेली, आगगाड्यांना गेली, मुंबईच्या दिव्यांना गेली. आणि ज्यांच्या खाचरांवर पाणी चढलं त्या मावळ्यांनी 1921 च्या रामनवमीला सत्याग्रह मांडला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी. तीन वर्षं लढून तो लढा हरला, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येतं. त्या ओळीत पन्नासच्या आसपास गावांची जमीन आहे.

आज मी सत्याग्रहाचा इतिहास सांगायला बसलेलो नाही. पण विजेची किंमत केवळ बिलावर लिहिलेली नसते, एवढं मुळशीच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून विजेच्या दिव्याखाली झाड वाढवण्याचा जो नवा उद्योग निघाला आहे, त्याचा हिशेब मुळशीच्या पाण्याकडे पाहूनच मांडावा असं मला वाटलं.

हिंजवडीच्या उंच इमारती याच मुळशी तालुक्यात उभ्या राहिल्या. तिथल्या बंद खोल्यांत कोथिंबीर आणि पुदिना दिव्याखाली वाढतो, इकडे पॉलिहाऊसवाला शेवंतीवर रात्री बल्ब लावतो, आणि दुकानात ‘ग्रो लाइट’ नावाचे जांभळे दिवे मिळतात. दिवा कोणता घ्यावा, असं मग विद्यार्थी विचारतात, त्यांचे पालकही विचारतात. प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या पोटात दोन प्रश्न आहेत, आणि ते वेगळे करायला माणसाला जवळजवळ साठ वर्षं लागली.

पहिलं नाव घ्यावं लागतं चार्ल्स विल्यम सीमेन्स यांचं. जन्माने जर्मन, कर्तृत्वाने इंग्लंडचा इंजिनियर. त्यांनी 1880 साली टनब्रिज वेल्स गावाजवळच्या आपल्या बागेत वाफेच्या इंजिनावर डायनॅमो फिरवला आणि कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये विजेची कमान पेटवली. काकड्या, गाजरं, घेवडे दिवसा सूर्याखाली आणि रात्री या दिव्याखाली. झाडं वाढली, हिरवीगार झाली. दिवा उघडा ठेवला तेव्हा मात्र पानं करपली. मध्ये काच धरल्यावर करपणं थांबलं. आज आपण सांगू की काचेने अतिनील किरण अडवले. सीमेन्स हुशार माणूस, त्यांनी खर्चही मांडला. त्यांचा निष्कर्ष असा की ही शेती परवडायची तर जिथे धबधब्यासारखी निसर्गाची शक्ती फुकट हाताशी आहे तिथे परवडेल. हे वाचताना मला भिऱ्याची आठवण होते. ‘फुकट’ हा शब्द कोणाच्या तोंडी शोभतो, हे खाचर कोणाचं बुडालं त्यावर ठरतं.

दोनच वर्षांनी, 1882 साली, एंगलमान या जर्मन शास्त्रज्ञाने हिरव्या शेवाळाच्या धाग्यावर लोलकातून रंगांचा पट्टा पाडला आणि भोवती प्राणवायूसाठी धावणारे जंतू सोडले. जंतूंची गर्दी झाली तांबड्या आणि निळ्या पट्ट्यात. म्हणजे झाड आपलं अन्न तिथे जास्त शिजवत होतं. आजच्या जांभळ्या दिव्यांचा मूळपुरुष हा प्रयोग. पण यावरून ‘हिरवा उजेड झाडाला निरुपयोगी’ अशी जी समजूत पसरली ती चुकीची. 1972 साली मक्री यांनी बावीस पिकांवर मोजमाप करून दाखवलं की हिरव्या उजेडावरही पान काम करतं, थोडं कमी एवढंच. जांभळा दिवा दिसतो शास्त्रीय; पण त्याखाली पानावरचा करपा किंवा कीड डोळ्यांना ओळखू येत नाही. साध्या पांढऱ्या उजेडात निदान रोग दिसतो तरी.

इथवर उजेड म्हणजे झाडाची भाकर, एवढंच कळलं होतं. उजेड हे झाडाचं घड्याळही आहे, हे पुढे कळलं, आणि ते सांगणारं एक झाड होतं भांग-गांजाचं. पॅरिसमध्ये ज्युलियां तूर्न्वा नावाचा संशोधक हॉप आणि भांग या एकाच कुळातल्या वनस्पतींवर काम करत होता. हिवाळ्यात काचघरात पेरलेली रोपं वीतभरही न होता फुलायला लागली. ऊब होती, पाणी होतं, मग घाई कसली? 1912 पासून त्याने झाडांना मिळणारा दिवस कमी-जास्त करून पाहिलं आणि 1914 साली लिहिलं की हे लवकर फुलणं दिवस लहान झाल्यामुळे म्हणण्यापेक्षा रात्र मोठी झाल्यामुळे आहे. केवढी मोठी गोष्ट! पण त्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटलं आणि ती कागदातच राहिली.

1920 साली अमेरिकेत गार्नर आणि अॅलर्ड यांनी तंबाखूच्या एका जातीवर हेच सिद्ध केलं. ही तंबाखू उन्हाळ्यात माणसाच्या डोक्यावर जाई, पण फुलेना. तिला त्यांनी रोज दुपारी अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवलं आणि ती भर उन्हाळ्यात फुलली. पुढे 1938 साली हॅमनर आणि बॉनर यांनी गोखरू घेतलं. हो, तेच काटेरी, बांधावरून जाताना धोतराला चिकटतं ते. त्यांना दिसलं की लांब रात्रीच्या मध्येच थोडा वेळ उजेड पाडला, तर झाडाच्या लेखी ती रात्र मोडते आणि फूल येत नाही. 1959 साली बेल्ट्सव्हिलच्या शास्त्रज्ञांनी पानातलं तांबडा उजेड ओळखणारं द्रव्य पकडलं, त्याला ते फायटोक्रोम म्हणतात.

आपल्या मावळातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला यातलं निम्मं ठाऊक होतं. जुन्या उंच भातजातींपैकी अनेक जाती पेरायला पंधरा दिवस मागेपुढे झाले तरी निसवायच्या आपल्या ठरल्या सुमारालाच. आश्विनाची रात्र वाढते ती भात मोजतं. शेवंतीही मोजते. गांजाही मोजतो.

गांजाचं नाव घेतलं की शिक्षकमंडळी दचकतात. दचकू नका, इतिहासात त्याची रीतसर नोंद आहे. 1893 साली सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला, त्याचा अहवाल 1894 सालचा. मुंबई इलाख्यात नगर जिल्ह्याच्या बाजूला, मध्य प्रांतात खांडव्याला आणि बंगालात नौगावला हे पीक परवान्याने होत असे. बंगालात तर शेतात फिरून नर झाडं ओळखून उपटणारा खास जाणकार असे, कारण मादी झाडाला बी धरलं की माल उतरतो. पावसाळा सरताना लागण, थंडीत काढणी. दिवा नाही, यंत्र नाही. लांबणारी रात्रच झाडाला फुलवी.

मग हे झाड खोलीत का गेलं? कायद्यामुळे. अमेरिकेत बंदी होती, वरून विमानं शेतं शोधत, म्हणून लोकांनी ते तळघरात नेलं आणि वर रस्त्यावरचे सोडियमचे दिवे टांगले. वाढीला अठरा तास उजेड आणि फुलासाठी बारा तास. तूर्न्वाची रात्र आता भिंतीवरचं घड्याळ पाडू लागलं. या दिव्यांची धग एवढी की पोलीस घराबाहेर उभे राहून उष्णता टिपणारा कॅमेरा भिंतीवर रोखत. असा कॅमेरा विनावॉरंट रोखणं योग्य की अयोग्य, हा वाद 2001 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने अयोग्य ठरवलं. 2012 साली इव्हान मिल्स या संशोधकाने हिशेब मांडला की त्या देशाच्या एकूण विजेपैकी सुमारे एक टक्का या बंद खोल्यांत जळते. उन्हात फुकट येणाऱ्या झाडापायी!

आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याने विनापरवाना गांजा लावणं हा गुन्हा आहे. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कुंडी असो की खोली, दिवा कितीही काटकसरीचा असो, कायदा दिवा पाहत नाही.

पण खोलीतल्या या शेतीमुळे दिव्यांची स्पर्धा लागली, आणि तिचा लाभ पुढे भाजीवाल्यांना व फुलवाल्यांना झाला, हेही खरं. एलईडीचा तांबडा दिवा 1962 चा. तेजस्वी निळा यायला 1993 साल उजाडलं. त्याबद्दल तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना 2014 साली नोबेल मिळालं. आजचा पांढरा एलईडी म्हणजे निळ्या दिव्यावर पिवळसर लेप. मधल्या काळात, 1990 च्या सुमारास, अमेरिकेत विस्कॉन्सिनला तांबड्या एलईडीखाली सॅलडची पानं वाढवून झाली होती. आणि बंद खोलीत रोप वाढवणं पुण्याला काही परकं नाही. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बाटलीतला बांबू फुलला ती बातमी 1990 सालची.

आता पैशाचं बोलू. डब्यावर ल्युमेन लिहिलेलं असतं. ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप, पानाचं नव्हे. पानाचं माप मायक्रोमोल: उजेडाचे कण किती पडले त्याची मोजणी. एका ज्यूल विजेत किती मायक्रोमोल, हा आकडा विचारा. चांगल्या सोडियम दिव्याचा 1.7 होता. चांगल्या एलईडीचा आज 3 च्या आसपास. हा आकडा दुकानदार सांगू शकला नाही आणि नुसतं ‘हजार वॅटच्या बरोबरीचा’ म्हणाला, तर नमस्कार करून बाहेर पडावं. मुळशीच्या दमट हवेत दिवा पाण्या-धुळीपासून बंद आहे का आणि मागे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या आहेत का, तेही हाताने चाचपून पाहावं.

आणि तरीसुद्धा हिशेब करा. एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. 3 च्या दिव्यातून एका युनिटला 1 कोटी 8 लाख मायक्रोमोल मिळतात, म्हणजे 10.8 मोल. भाताला रोज चौरस मीटरला निदान 20 मोल धरा. रोज 1.85 युनिट, शंभर दिवसांचे 185 युनिट, युनिटला 8 रुपये धरले तर 1480 रुपये. आणि तेवढ्या जागेत भात किती होतो? फार तर पाव-अर्धा किलो. आंबेमोहोर कितीही वासाचा असला तरी या भावाने कोण शिजवणार? ऊन हे काम दर दिवशी करतं आणि बिल पाठवत नाही. म्हणून भाकरीचा उजेड विजेवर विकत घेणं हे कोवळ्या रोपांना, प्रयोगशाळेतल्या बाटल्यांना, किंवा फार महाग विकल्या जाणाऱ्या मालालाच परवडतं. खोलीतल्या केशराची जाहिरात वाचून जे हुरळतात त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की केशराचं फूल येतं ते कांद्यात आधी साठलेल्या अन्नावर. कांदा पुन्हा पोसायचा म्हटलं की उजेडाचं बिल सुरू होतं.

घड्याळाचा उजेड मात्र अगदी निराळा. शेवंतीला झाड मोठं होईपर्यंत फुलू द्यायचं नसेल तर मध्यरात्री चार तास चौरस मीटरला सेकंदाला दोन मायक्रोमोल पुरतात. चार तासांचे झाले 28,800, म्हणजे एका मोलाचा जेमतेम पस्तिसावा हिस्सा. भाताला लागलेल्या वीस मोलांच्या तुलनेत हे जवळजवळ सातशेपट कमी! इथे महागडा ग्रो लाइट घेणं म्हणजे पणतीच्या कामाला मशाल. तांबडा अंश असलेला साधा, पिवळसर छटेचा घरगुती एलईडी बल्ब रांगेने टांगला तरी काम होतं. ड्रॅगन फ्रूटवाले उलट कारणासाठी हेच करतात. त्या झाडाला फुलायला लहान रात्र हवी, म्हणून थंडीत ते रात्र मोडतात. आणि उलटा धोकाही ओळखून असा: रस्त्याच्या दिव्याखालचा सोयाबीनचा पट्टा बाकी शेत वाळलं तरी हिरवाच राहतो. ग्रामपंचायतीने नवे झगझगीत दिवे लावले की बांधालगतच्या शेतकऱ्याने खांब कुठे येतो ते आधीच पाहिलेलं बरं.

शिक्षकांना हे वर्गात दाखवायला पैसाही लागत नाही. शेवंतीची एकाच जातीची चार रोपं जुलैत कुंड्यांत लावा. दोन कुंड्या रात्रभर जळणाऱ्या व्हरांड्याच्या दिव्याखाली ठेवा, दोन शाळेमागच्या अंधारात. दिवसा मात्र चारही उन्हात, पाणी सारखंच. दसऱ्यापासून दर शनिवारी मुलांना कळ्या मोजायला सांगा आणि फळ्याच्या कोपऱ्यात आकडे लिहीत जा.