अ‍ॅमस्टरडॅमचे कालवे, १३,६५९ खांब आणि आमची वेंगुर्ल्याची वखार

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल, बसमध्ये असाल किंवा रात्रीची भांडी घासत असाल, आज आपण सगळे मिळून अ‍ॅमस्टरडॅम फिरणार आहोत. हा भाग नंतर वाचायला सोपा जावा म्हणून नेहमीप्रमाणे इथे लिहूनही देतोय.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा मेसेज होता: "दादा, तू ऑनसाइट गेला होतास ना, मग तिथे काय काय बघायचं ते सांग." खरं सांगतो, मला मिळाले दोन शनिवार-रविवार. बाकीचे दिवस ऑफिस आणि लॅपटॉप. पण त्या चार दिवसांत मी जे पाहिलं, त्याने माझ्याच गावाकडे बघायची माझी नजर बदलली. म्हणून आज नुसती यादी देणार नाही. पाच थांबे घेऊ, आणि प्रत्येक थांब्यावर एकच प्रश्न विचारू: हे इथे का आहे, आणि याचे पैसे कोणी भरले?

निघायच्या आधी वेंगुर्ल्याला आजीला फोन केला होता. सांगितलं, सगळं शहर पाण्यात आहे, खाली नुसता चिखल. तिचा पहिला प्रश्न: "चिखलात घर बांधल्यार रवतला कसा?" मी बीटेक झालेला माणूस, पण उत्तर नव्हतं माझ्याकडे. चला, तिथूनच सुरू करू.

पहिला थांबा: डॅम चौक. आम्स्टेल नावाची नदी, तिच्यावर तेराव्या शतकात घातलेला बांध, म्हणजे डॅम. त्यावरूनच शहराचं नाव. १२७५ मध्ये इथल्या लोकांना एका सरदाराने जकात माफ केली, तोच या गावाचा पहिला लेखी उल्लेख. म्हणजे शहराची जन्मनोंदच मुळी टोलमाफीची! चौकात एक भलामोठा राजवाडा दिसतो. तो राजासाठी बांधलेलाच नव्हता. १६४८ मध्ये काम सुरू झालं ते नगरभवनाचं, म्हणजे म्युनिसिपालिटीचं ऑफिस म्हणा. राजवाडा झाला तो १८०८ मध्ये. आता आजीच्या प्रश्नाचं उत्तर ऐका. ही दगडी इमारत १३,६५९ लाकडी खांबांवर उभी आहे. आकडा लक्षात ठेवायला तिथल्या मुलांची युक्ती आहे: वर्षाचे दिवस ३६५, पुढे १ आणि मागे ९ लावा.

अख्खं जुनं शहर असंच आहे. वर चिखल आणि मऊ माती, सुमारे बारा मीटर खाली घट्ट वाळूचा थर. तिथपर्यंत पाइनचे उंच सोट ठोकायचे आणि त्यावर भिंत चढवायची. मग लाकूड कुजत नाही का? जोवर ते पूर्ण पाण्याखाली आहे तोवर त्याला हवा मिळत नाही, आणि हवेशिवाय कुजवणारी बुरशी वाढत नाही. पाणी खाली गेलं, खांबाचं डोकं उघडं पडलं, की घर खचायला लागतं. म्हणजे आपल्याला वाटतं घराला पाण्यापासून धोका. तिथे घराला पाणी कमी होण्यापासूनही धोका! आजीला हे सांगितलं तर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "शाणे आसत."

राजवाड्यात तिकीट काढून जाता येतं. मोठ्या दालनात जमिनीवर संगमरवरात जगाचे नकाशे कोरलेले आहेत. सतराव्या शतकातला अ‍ॅमस्टरडॅमकर अक्षरशः जगावरून चालत जायचा. मीही खाली वाकून भारताचा पश्चिम किनारा शोधत बसलो. तो शोध संपला पुढच्या थांब्यावर.

दुसरा थांबा: डच ईस्ट इंडिया कंपनीचं जुनं मुख्यालय. डॅमपासून चालत दहाएक मिनिटं. आता तिथे विद्यापीठ आहे. अंगण उघडं असेल तर आत जा. पाट्या बघत पुढे जाणाऱ्यांच्या लक्षातही येत नाही इतकी साधी जागा आहे. ही कंपनी, व्हीओसी, १६०२ मध्ये सुरू झाली. तिचं भांडवल लोकांकडून गोळा केलं. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १,१४३ जणांनी पैसे लावले. नोंदवही ठेवली होती डर्क व्हॅन ऑस या व्यापाऱ्याच्या घरी, आणि त्याच्या घरात कामाला असलेल्या बाईनेही १०० गिल्डर लावले होते. आज आपण मोबाइलवरून एसआयपी करतो ना, त्याची पणजी म्हणा हिला.

आणि याच कंपनीने १६३७ मध्ये वखार उघडली आमच्या वेंगुर्ल्यात. का? कारण शेजारी गोवा, आणि गोव्यात पोर्तुगीज. डच जहाजं गोव्याच्या तोंडावर नाकेबंदी करायची आणि त्यांना पाणी, धान्य, बातम्या मिळायच्या वेंगुर्ल्यातून. इथल्या डचांनी लिहिलेली पत्रं शिवाजी महाराजांच्या काळातल्या इतिहासाचं एक साधन म्हणून आज अभ्यासक वापरतात.

मी लहानपणी त्या वखारीच्या पडक्या भिंतींजवळ खेळलोय. मोठी माणसं ओरडायची, "थंय जाव नको, जनावर आसतला." जनावर म्हणजे आमच्याकडे साप. मला ती जागा म्हणजे झाडीत बुडालेलं एक पडकं घर, एवढंच माहीत होतं. आणि आता मी त्याच कंपनीच्या हेड ऑफिसच्या अंगणात उभा होतो. खिडक्या स्वच्छ, विटा जागच्या जागी, पोरं लेक्चरला चाललेली. एकाच सिस्टीमची दोन टोकं, पण एकाचा मेंटेनन्स चालू आणि दुसऱ्याचा कधीच बंद पडलेला.

इथे एक गडबड टाळू या. "आपल्याला लुटलं आणि हे शहर बांधलं" असं एका वाक्यात सांगायचा मोह होतो. पण अ‍ॅमस्टरडॅमचा पैसा आधी आला तो बाल्टिक समुद्रातल्या धान्यातून, लाकडातून, हेरिंग माशातून. १५८५ मध्ये अँटवर्प स्पेनच्या हाती पडलं, तेव्हा तिथले व्यापारी आणि कारागीर पळून उत्तरेला आले. त्यातले कितीतरी इथे स्थिरावले. आशियाचा व्यापार त्यावर चढलेला मजला. पाया आणि मजला दोन्ही बघायचे, म्हणजे हिशेब बरोबर लागतो.

तिसरा थांबा: हेरेनग्राख्त. 'ग्राख्त' म्हणजे कालवा. १६०० च्या सुमारास शहरात साठेक हजार माणसं होती, आणि पुढच्या पाऊणशे वर्षांत ती दोन लाखांच्या आसपास गेली. जागा कुठून आणायची? मग १६१३ पासून जुन्या शहराभोवती तीन मोठे कालवे खणायला घेतले: हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त. शेठजींचा, सम्राटाचा आणि राजपुत्राचा कालवा! पाण्याचा निचरा कालव्यातून, मालाची वाहतूक कालव्यातून, आणि खणलेल्या मातीने बाजूचे प्लॉट उंच. एका कामात तीन कामं. फोटोसाठी हे कोणीच बांधलं नव्हतं. २०१० मध्ये युनेस्कोने हा भाग जागतिक वारसा म्हणून जाहीर केला.

बोटीची तासाभराची फेरी इथेच करा, आणि बोटीतून वर बघा. प्रत्येक घराच्या माथ्यावर एक तुळई बाहेर आलेली आणि तिला आकडा. जिने इतके अरुंद की माल दोरीने वर ओढायचा आणि माळ्यावर साठवायचा. ओढताना भिंतीला घासू नये म्हणून कित्येक घरं मुद्दाम पुढे झुकवलेली आहेत. आजही सोफा, कपाट तसंच खिडकीतून आत जातं.

याच कालव्यावर ५०२ नंबरचं घर महापौरांचं निवासस्थान आहे. ते बांधून घेतलं पाउलस गोडिन याने, आणि तो गुलामांच्या व्यापारातला माणूस. घरासमोर तसा फलक २००६ मध्ये लावलाय. व्हीओसीनेही हिंदी महासागरात माणसं विकली, आपल्या देशाच्या किनाऱ्यांवरूनही नेली. १ जुलै २०२१ ला महापौर फेम्के हाल्सेमा यांनी गुलामगिरीतल्या शहराच्या वाट्याबद्दल जाहीर माफी मागितली. मी तो फलक वाचत होतो तेव्हा मागे चारजण सेल्फी घेत होते. त्यांना काय बोलणार? दहा मिनिटांपूर्वी मीही घेतला होता.

चौथा थांबा: प्रिन्सेनग्राख्त २६३. अ‍ॅन फ्रँकचं घर. इथे कालव्याचा इतिहास अंगावर येतो. हे प्लॉट समोरून अरुंद आणि आत खोल, म्हणून व्यापारी पुढच्या घरामागे आणखी एक घर बांधायचे. रस्त्यावरून ते मागचं घर दिसतच नाही. जुलै १९४२ ते ऑगस्ट १९४४ त्या मागच्या घरात आठ ज्यू माणसं नाझींपासून लपून राहिली. मालासाठी आखलेल्या जागेने दोन वर्षं माणसं लपवली. त्यांच्यातले फक्त अ‍ॅनचे वडील जिवंत परतले. तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी सकाळी दहाला, सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची. आपल्याकडे तेव्हा दुपारचा दीड किंवा अडीच वाजलेला असतो. अलार्म लावा. आत फोटो काढायला मनाई आहे, आणि ते बरंच आहे.

पाचवा थांबा: पलीकडची योर्डान वस्ती. ही कामगारांची. नकाशात बघा, इथल्या गल्ल्या तिरक्या जातात. शेतातले जुने चर होते तसेच ठेवून त्यावरच वस्ती आखली. श्रीमंतांसाठी नवा आराखडा आणि गरिबांसाठी 'आहे तेच चालवा'. ओळखीचं वाटतंय ना? इथले काही कालवे पुढे बुजवले. रोझेनग्राख्त हा १८८९ पासून रस्ता आहे, नाव तेवढं कालव्याचं. १९५४ मध्ये तर पोलिसप्रमुखांनी सुचवलं होतं की ट्रॅफिकसाठी आणखी कालवे बुजवून टाकू. विरोध झाला आणि ते वाचले. म्हणजे आज जे आपण पैसे देऊन बघतो, ते आपोआप टिकलेलं नाही.

आणि टिकवणं अजून संपलेलं नाही. १ सप्टेंबर २०२० ला ग्रिमबुर्गवाल इथली कालव्याची भिंत पाण्यात कोसळली. सुदैवाने कोणाला लागलं नाही. घोडागाड्यांसाठी बांधलेल्या काठावर आता ट्रक चालतात. महापालिकेने सुमारे २०० किलोमीटर काठ तपासायला घेतलाय. जुना कोड चालतोय म्हणून हात न लावणं किती महाग पडतं, हे आमच्या टीमला वेगळं सांगायला नको!

परत आल्यावर गणपतीला गावी गेलो, तेव्हा वखारीकडे चक्कर मारली. राज्याचं संरक्षित स्मारक आहे, पण भिंतींतून मुळं आलेली. या वेळी आजीही सोबत होती, काठी टेकत. तिला म्हटलं, याचं दुसरं टोक बघून आलो. तिने भिंतीवर हात ठेवला आणि विचारलं, "त्येंका म्हायत आसा हा?" म्हणजे, त्यांना माहीत आहे का हे इथे आहे?

आजी, त्यांचं जाऊ दे. आपल्यातल्याच कितीजणांना माहीत आहे?

म्हणून होमवर्क. अ‍ॅमस्टरडॅमचं तिकीट निघेल तेव्हा निघेल. वेंगुर्ल्याला एसटी जाते. जा, वखार बघा, कचरा करू नका, भिंतीवर नावं कोरू नका. फोटो काढलात तर मला पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. तोपर्यंत, काळजी घ्या मंडळी!