माणगाव ते बॉन

रविवारच्या मिस्सेनंतर आमच्या कचेरीच्या दाराशी जी मंडळी थांबतात, त्यांत हल्ली तरुण मुलामुलींची संख्या वाढली आहे. पूर्वी या वयाची मुले लग्नाच्या कागदपत्रांसाठी येत. आता त्यांना बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो तो पारपत्रावरील नावाशी ताडून पाहण्यासाठी, आणि त्यांच्या पिशवीत जर्मन व्याकरणाचे पुस्तक असते. आजरा, गडहिंग्लज, चंदगड या बाजूने कोल्हापुरास येऊन राहिलेल्या आमच्या कुटुंबांतील कोणी परिचारिका आहे, कोणी आयटीआय झालेला जोडारी आहे, कोणी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला आणि प्रथम दहा हजार तरुणांना पाठविण्याचा संकल्प जाहीर केला. तेव्हापासून ही लगबग अधिकच जाणवू लागली.

आईबाप मात्र गोंधळलेले असतात. "फादर, हे सगळे नवीनच आहे, आमच्या माहितीतले कोणी गेलेले नाही," असे ते म्हणतात. आखाती देशांचा रस्ता आपल्या समाजाला तोंडपाठ आहे. तेथे जाण्यासाठी कोणी अरबी शिकत बसले नाही. भाषा आधी आणि तिकीट नंतर, हा क्रम मात्र त्यांना नवखा वाटतो. परंतु हा रस्ता वाटतो तितका नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी त्यावरून महाराष्ट्रातील काही माणसे गेली, आणि त्यांतील एका प्रवासाचा धागा तर थेट कोल्हापूर जिल्ह्यातील एका खेड्याशी येऊन भिडतो. तो आज वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटले.

हातकणंगले तालुक्यातील माणगाव येथे मार्च १९२० मध्ये बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. भीमराव आंबेडकर हे अवघ्या अठ्ठावीस वर्षांचे, सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविणारे प्राध्यापक होते. छत्रपती शाहू महाराज स्वतः परिषदेस आले आणि तुम्हांला तुमचा पुढारी लाभला आहे, अशा आशयाचे त्यांनी सांगितले. त्याच वर्षी जानेवारीत निघालेल्या 'मूकनायक' पत्रास महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. आता प्रश्न बाबासाहेबांच्या अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणाचा होता. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, पुढे लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले होते. नोकरीत साठविलेले पैसे, नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज आणि शाहू महाराजांची मदत, एवढ्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. रमाबाई मुलाबाळांसह परळच्या चाळीत राहिल्या. परदेशी शिक्षणाचा हिशेब मांडताना घरी मागे राहिलेल्यांचा खर्च आपण सहसा वहीत धरत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता बॉनकडे वळू. २५ फेब्रुवारी १९२१ रोजी बाबासाहेबांनी लंडनहून जर्मनीत एक अर्ज पाठविला. बॉन विद्यापीठात प्रवेश मिळावा अशी त्यात विनंती होती, आणि तो अर्ज त्यांनी जर्मन भाषेत स्वतःच्या हाताने लिहिला होता. या प्रवेशाची कागदपत्रे त्या विद्यापीठाच्या दप्तरखान्यात आजही जपून ठेवलेली आहेत. अस्पृश्य म्हणून शाळेत वेगळा बसविलेला, संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही फारसीकडे वळविला गेलेला हा विद्यार्थी, मध्ये कोणी दुभाषी न ठेवता, एका परक्या राज्यातील अधिकाऱ्यांशी त्यांच्याच भाषेत बोलत होता.

ती भाषा त्यांना कोठे मिळाली? जर्मनची ओळख त्यांना कोलंबियात झाली. डॉक्टरच्या पदवीसाठी तेथे परकीय भाषांचे वाचन अपेक्षित असे. त्यांचे गुरू प्राध्यापक सेलिग्मन हे स्वतः बर्लिन व हायडेलबर्ग येथे शिकलेले होते. त्या काळी अर्थशास्त्राचा अभ्यास जर्मन ग्रंथांना वगळून पुरा होत नसे. म्हणजे ही भाषा बाबासाहेबांनी हौसेखातर जवळ केली नव्हती. हव्या त्या पुस्तकांचे दार जर्मनमध्ये उघडत होते, म्हणून ते जर्मन शिकले.

बॉनमध्ये त्यांचे नाव १९२१ च्या वसंतात दाखल झाले. मात्र लंडनचा अभ्यास आणि तुटपुंजा पैसा यांच्या ओढाताणीत तेथील व्याख्यानांना नियमाने बसणे घडले नाही, आणि १९२२ च्या आरंभी विद्यापीठाने त्यांचे नाव पटावरून कमी केले. हे काही चरित्रकारांना गैरसोयीचे वाटते; आम्हांला तसे वाटत नाही. त्यांच्यासारखा मनुष्यही एका विद्यापीठात नाव घालतो आणि ते पुरे करू शकत नाही, ही गोष्ट आमच्याकडे उतरल्या चेहऱ्याने येणाऱ्या मुलांना आम्ही आवर्जून सांगतो. लंडनची डी. एस्सी. त्यांनी मिळविलीच. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस परतले तेव्हा शाहू महाराज हयात नव्हते. ६ मे १९२२ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले होते.

दसरा चौकातून जाताना महाराजांच्या पुतळ्याकडे आमची नजर जाते, तेव्हा त्यांच्या वसतिगृहांचा विचार मनात येतो. १९०१ पासून त्यांनी मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत अशा एकेका समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात वसतिगृहे उभी करविली. १९०८ चे मिस क्लार्क वसतिगृह अस्पृश्य मुलांसाठी होते. ख्रिस्ती विद्यार्थ्यांचीही सोय झाली. खेड्यातून आलेल्या मुलाला शिकायचे असेल तर प्रथम त्याला दोन वेळचे जेवण आणि पथारी पसरायला जागा हवी, हे महाराजांनी ओळखले होते. माणगावहून बॉनपर्यंत गेलेला रस्ता याच विचारातून निघालेला आहे, असे आमचे मत आहे.

बाबासाहेब एकटेच गेले असेही नाही. विष्णू सीताराम सुखटणकर बर्लिनला हाइन्रिश ल्यूडर्स यांच्यापाशी शिकले आणि पुढे १९२५ पासून पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची धुरा त्यांनी वाहिली. साताऱ्याचे रा. ना. दांडेकर १९३८ मध्ये हायडेलबर्गची पदवी घेऊन आले. परंतु आम्हांला या सर्वांत अधिक मोलाची वाटते ती इरावती कर्वे यांची हकीकत. पती दिनकरराव स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले. त्यांनी पत्नीला पाठवायचे ठरविले. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेले सासरे महर्षी कर्वे यांना मात्र सुनेचे परदेशी जाणे पसंत नव्हते. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन खर्चाची तोंडमिळवणी झाली. बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. मानवी कवटीच्या दोन्ही बाजूंतील असमानतेचा संबंध वंशाशी आहे, गोऱ्या युरोपीयांत ती वेगळी आढळते, असे त्यांना सिद्ध करून हवे होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, आकडे मांडले आणि असा वांशिक भेद दिसत नाही असा निष्कर्ष काढला. तो त्यांनी जर्मन भाषेत, त्याच गुरूंच्या हाती दिला आणि १९३० मध्ये पदवी घेतली. फिशर पुढे नाझींच्या वंशधोरणाचे समर्थक झाले. परक्या भाषेत 'होय' म्हणणे लवकर जमते. 'नाही' म्हणण्यासाठी, आणि तेही सकारण व सभ्यपणे म्हणण्यासाठी, भाषा पुरती मुरावी लागते.

आता उलट दिशेने आलेल्यांविषयी थोडे. पुण्याच्या धर्मप्रांताची स्थापना १८८६ ची; पहिले बिशप बेर्नहार्ड बायडरलिंडेन हे जर्मन येशूसंघीय. १८७२ मध्ये बिस्मार्कच्या राजवटीने येशूसंघाला जर्मनीतून हद्दपार केले होते, तेव्हा या फादरांपैकी अनेकांना मायदेशातही घर उरले नव्हते. ते इकडे येऊन मराठी शिकले. 'ळ' उच्चारताना त्यांची जीभ अडखळत असे; 'आम्ही' आणि 'आपण' यांतील भेद तर त्यांच्या भाषेत नाहीच. असे असूनही फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये 'निरोप्या' हे मासिक मराठीत सुरू केले. १९०७ मध्ये ते पुण्याचे बिशप झाले. पहिले महायुद्ध पेटले आणि जर्मन धर्मगुरू सरकारच्या लेखी शत्रूचे नागरिक ठरले. कित्येकांना स्थानबद्धतेत ठेवले गेले, १९१५-१६ मध्ये बहुतेकांची परत रवानगी झाली. डोरिंग यांना तर पुण्याऐवजी जपानमध्ये हिरोशिमा येथे नेमले गेले, आणि १९२७ मध्ये कोठे ते आपल्या मराठी माणसांत परतले. बाबासाहेब बॉनला अर्ज लिहीत होते तेव्हा मराठी जाणणारे अनेक जर्मन धर्मगुरू इच्छा असूनही इकडे येऊ शकत नव्हते, हा योगायोग आम्हांस नेहमी चटका लावतो.

भाषेचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. जर्मन शिकणारी मुले नामांच्या तीन लिंगांना फार घाबरतात. मराठी माणसाने त्याला का घाबरावे? तो, ती, ते हे आपण आईच्या मांडीवर शिकलो. लिंगे जुळत नाहीत हे खरे. जर्मन सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी. जर्मनमध्ये 'मुलगी' हा शब्द नपुंसकलिंगी आहे हे ऐकून वर्गात हशा पिकतो. पण आमच्या आजरा-चंदगडकडील कोकणी बोलणाऱ्या घरांत 'चेडूं' नपुंसकलिंगीच असते, आणि आजी नातीला 'तें आयलें' असेच म्हणते. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, तेही मराठीच्या वळणाचेच.

चर्चच्या आश्रयाने जर्मनीस गेलेल्यांचाही इतिहास आहे आणि तो झाकून ठेवू नये. १९६० च्या दशकात केरळातील शेकडो कॅथलिक मुली परिचारिका म्हणून पश्चिम जर्मनीत गेल्या. बहुतेकींनी भाषा तेथे पोहोचल्यावर, रुग्णांच्या उशाशी उभे राहून शिकून घेतली. त्यांच्या पगारावर इकडे घरे उभी राहिली, भावंडे शिकली. पण १९७० च्या दशकात जर्मनीला परकी माणसे नकोशी झाली तेव्हा अनेकींचे परवाने वाढवून मिळाले नाहीत आणि त्यांना परतावे लागले. पाठविणाऱ्यांनी त्यांच्या परतीचा विचार केलेला नव्हता. ही चूक आपलीही होती.

आजच्या मुलांची स्थिती त्या मुलींहून बरी आहे, कारण अटी आधी कळतात. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळविण्यास भाषेची बी-२ ही पायरी गाठावी लागते. अगदी आरंभापासून तेथपर्यंत पाऊणपाऊण तासाच्या सहाशे ते आठशे तासिका लागतात. "सहा महिन्यांत पाठवतो" म्हणणाऱ्या दलालाला हा आकडा विचारावा. विद्यापीठात शिकायला जाणाऱ्याला वर्षभराच्या निर्वाहाचे पैसे आधी खात्यात दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली. आमच्या माहितीतील एका कुटुंबाने दलालाला पैसे देण्यासाठी शेताचा तुकडा गहाण टाकला. मुलगा ए-२ च्या पुढे गेला नाही आणि दलालाने फोन घेणे बंद केले. मुलगा हुशार होता. संध्याकाळी साडेसातला कारखान्यातून सुटल्यावर अभ्यासाला बसायला त्याला जागाच नव्हती.

एका मातेने आम्हांस विचारले, तिकडे नाव नोंदवताना धर्म विचारतात, काय लिहावे? प्रश्न खरा आहे. कॅथलिक अशी नोंद केली की पगारातून चर्चसाठी कर कापला जातो. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये तो आयकराच्या आठ टक्के, अन्यत्र नऊ टक्के असतो. कोणी कॅन्टीनमधला मित्र 'काही नाही लिही' असा सल्ला देतो. आम्ही त्या मातेला आकडे सांगितले आणि म्हटले, मुलीला सर्व समजावून सांगा, काय लिहायचे ते तिला ठरवू द्या. पण खोटे लिहू नका.

आमच्या धर्मग्रामाच्या सभेत या विषयावर दोनदा बोलणे झाले. सभागृहामागील खोली, जेथे नाताळच्या गोठ्याचे सामान ठेवलेले असते, ती मंगळवार ते शुक्रवार रात्री साडेनऊपर्यंत उघडी ठेवावी असे ठरले. बी-२ उत्तीर्ण झालेली आणि नेमणुकीच्या पत्राची वाट पाहणारी आमच्यातीलच एक परिचारिका दोन दिवस शिकवायला तयार झाली. सामान पोटमाळ्यावर चढविले, दोन दिवे नवीन बसविले. पहिल्या मंगळवारी अकरा जण आले, त्यांत चार आपल्या समाजाबाहेरचे. बाके कमी पडली, म्हणून चर्चमधली दोन आत आणून ठेवली आहेत.